ताटामागे दोन रुपये

विषय क्रमांक चार.
वहीत मी समास आखून ठेवला होता.
लाईन गेलेली, पंख्याची पाती थांबलेली,
शाळेच्या व्हरांड्यात सत्तावन्न माणसं,
आणि बाहेर निंबाखाली जिप्सीवाले,
जे सभेत बसत नाहीत पण सगळं ऐकतात.

सरपंच वनिताताई उईके उभ्या राहिल्या :
गेटावरचे पाहुणे आपल्या गावात जेवतात,
हात धुतात, निघून जातात.
ताटामागे दोन रुपये घेऊ.
हॉटेल, ढाबा, होमस्टे, सगळ्यांना सारखे.
त्यातून हायवेवर फलक, गावाची जाहिरात,
आणि तळ्याकाठी बगीचा.

बगीचा म्हणताच मागून हसू फुटलं.
"जंगलाच्या तोंडाशी बगीचा?
नदीत बसून नळाची वाट पाहाची म्हणजे."

इसन गेडामाने टोपी काढली, परत घातली.
"रिसॉर्टात ताट बाराशेचं, माह्याकडं ऐंशीचं.
दोघाले दोन रुपये,
हे सारखं व्हय का?"
रिसॉर्टच्या मॅनेजरने मोबाईल वर धरला,
आम्ही आधीच किती कर भरतो, बघा.
उन्हात कुणालाच काही दिसलं नाही.

मग ताट म्हणजे काय, यावर अर्धा तास गेला.
तर्रीपोहा ताटात धरायचा की बशीत?
दुसऱ्यांदा घेतलेला भात?
आणि गिऱ्हाईक आणतो म्हणून
ड्रायव्हर फुकट जेवतो, त्याचे दोन रुपये कुणी भरायचे?
निंबाखाली एकदम शांत झालं.

भाग्रता कुंभरे चहा घेऊन आली ती बोलतच आली.
"फलकावर वाघच काढान ना तुमी?
वाघ दिसते पाच मिन्ट, दिसला तं.
भूक तिन्ही टायमाले लागते.
माह्या चुलीचं चित्र कोन काढते?
मी नाई देत."
मी लिहिलं : सदस्यांनी विविध सूचना मांडल्या.

टाळ्या वाजल्या. विषय तिथेच संपला असता.
पण खांबाजवळ इसनची प्रणोती होती,
कडेवर भाऊ, पायात शाळेचे बूट.
"जंगल कुठं हाय आता आपलं?" ती म्हणाली.
"त्याले गेट हाय. तिकीट हाय.
मोहाखाली गेलं तं गार्ड शिटी मारते.
आमी खेळाव कुठं?"

बाप तिच्याकडे पाहत राहिला,
टोपी हातातच.

कुणी खोकललं. कुणी चहा फुंकला.
वनिताताई म्हणाल्या, हात वर करा.
बाजूने सत्तावीस. विरोधात सत्तावीस.
मॅनेजर गावचा मतदार नाही, प्रणोती लहान.
उरली भाग्रता.
तिच्या एका हातात किटली, दुसऱ्यात कपांची चळत.
सगळे तिच्याकडे वळले.
ती म्हणाली, "कप कोन धरते?"
कुणीच धरले नाहीत.

ठराव पुढील सभेवर ढकलण्यात आला.
खाली सही, शिक्का, तारीख.
चहा सत्तावन्न कप, उधार.

रात्री मी तिच्याकडे जेवायला गेलो,
वांग्याची भाजी, भात, वर तेलाचा लाल थर.
शंभराची नोट दिली. तिने वीस परत केले,
मग गल्ल्यातून दोन रुपयांचं नाणं काढून
बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात टाकलं.

मी काही विचारलं नाही.
तीच म्हणाली, "कर नाई हा.
पाह्यतो, महिनाभरात किती दुखते ते."

मग भांडी घासायला मागे गेली.
डबा मी उचलून पाहिला.
फारसा जड नव्हता.
हळूच ठेवला, तरी नाणी वाजली,
आणि मागच्या दारातून आवाज आला,
"मोजू नोको गा.
अजून ठरलं नाई."