आधीच भरलेला

खोकं फोडलं तेव्हा वाटलं, कोरा असेल.
कॅनडा कॉर्नरच्या दुकानातला प्रणित म्हणालाही होता,
"मावशी, एकदम कोरा माल, फक्त चालू करायचा."
चालू केला, तर आत बिऱ्हाडं.

एक म्हणे, मी तुमचं रक्षण करतो, तीस दिवस फुकट.
एक म्हणे, तुमचे फोटो ढगात नेऊन ठेवतो.
रंगीत गोट्या फोडायचा खेळ, शेअरबाजार,
माझ्याच खिडकीबाहेरचं ऊन मला सांगणारं हवामान,
आणि एक मदतनीस, न बोलावलेला,
दर पाच मिनिटांनी कोपऱ्यातून डोकावणारा:
काही मदत हवी आहे का?
इतक्या अदबीने माझ्या टेबलाशी
आजवर वकीलही आला नाही.

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
एकतीस वर्षं टायपिंग करते मी.
शेवाळे अण्णांनी गोदरेजचं मशीन विकलं मला,
त्यात अक्षरं होती, घंटी होती,
ळ-चा खिळा जरासा वाकडा,
सोबत तेलाची कुपी. संपलं.
ते मशीन मला काही विचारायचं नाही.
मीही कुणाला विचारायचे नाही.

रविवारी, जेलरोडच्या घरी,
मेथी निवडायला बसावं तशी बसले.
एकेक काडी धरायची, मोडायची.
गोट्यांचा खेळ काढायला गेले तर म्हणाला,
तुम्हाला नक्की काढायचं आहे?
हो.
खरंच? तुमची प्रगती पुसली जाईल.
हो रे बाबा, हो.
जाता जाता कारण तरी सांगा.
खाली चार कारणं, एकावर खूण करायची.
मी बोलावलंच नव्हतं, हे त्यांत नव्हतं.

दिवेलागणीपर्यंत सतरा घालवले.
मदतनीस तेवढा गेला नाही.
त्याचं बटणच करडं, दाबलं तरी दबेना.
प्रणितला फोन लावला. म्हणाला,
"तो पायातच घातलेला असतो, मावशी. राहू द्या."

सोमवारी पहिलं काम हक्कसोडपत्राचं.
मोहाडीच्या सोजरबाई, सोबत दोन भाऊ,
पावणेदोन एकर द्राक्षबाग,
स्टँपपेपर घडी न पडता आणलेला, वहीत घालून.
मी पेनड्राइव्ह लावला, जुना मसुदा उघडला.
नावं बदलली. गट नंबर बदलला. चतुःसीमा बदलल्या.
खाली तेच वाक्य:
मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने,
कोणतीही नशापाणी न करता,
कोणाच्याही दबावास बळी न पडता...
हेही आधीच भरलेलं.
अण्णांच्या कार्बनवरून माझ्या मशीनमध्ये,
मशीनवरून पेनड्राइव्हमध्ये,
कुणी कधी काढलं नाही, मीही नाही.
किती बहिणी गेल्या असतील या एका ओळीतून,
घंटी वाजायच्या आत.

कर्सर लुकलुकत होता राजीखुशीच्या पुढे.
का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं,
"सोजरबाई, नक्की?"

धाकटा भाऊ हसला. "अहो, टायपा ना तुम्ही."
थोरला रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडे बघू लागला.
बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या,
सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.
मग म्हणाल्या,
"वाचून दावा. पयल्यापासून."

मी वाचलं. वडिलांचं नाव आलं तेव्हा त्या सावरून बसल्या.
विहिरीतला हिस्सा आला.
बांधावरची दोन आंब्याची झाडं आली, ती मला ठाऊक नव्हती,
म्हणजे टाइप मीच केली होती.
दबावापाशी आले आणि थांबले.

चहा आला. कुणी कप उचलला नाही.
तेवढ्यात स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात
तो निर्लज्ज पुन्हा उघडला.
सोजरबाईंनी वाकून वाचलं,
अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत:
का-ही म-दत ह-वी आ-हे का.

"हे कोन इचारतंय?" म्हणाल्या.