शिंकल्यावर थांबायचं असतं

उंबऱ्यात शिंकले की सासूबाई म्हणतात, थांब,
घोटभर पाणी पी, मग निघ.
थांबायला माझी ना नाही.
पण शिंकेबरोबर खालून निरोप येतो
आणि तो कुणासाठी थांबत नाही.

जालन्यात आमच्या गल्लीला नळ नवव्या दिवशी,
कधी अकराव्या.
दोन ड्रम, एक टाकी, सात कळश्या,
आणि मी दिवसातून दहादा आत.
बादल्यांचा हिशेब घरात कुणी काढत नाही,
हीच त्यांची माया.
मीच काढते. खेपेला अर्धी बादली.
वाईट दिवशी भांडी तशीच पडून राहतात.

मोठ्या आतड्याला जखमा, सात वर्षं झाली.
आजाराचं नाव मला आता न अडखळता घेता येतं.
पण अंगावर उठतंय ते कशाचं?
मनगटावर गांधी, ओठ सुजलेला,
नाक असं गळतं की पदर पुरत नाही.
पोटाचे डॉक्टर म्हणाले, कातडीचं कातडीवाल्यांना विचारा.
कातडीचे म्हणाले, आधी पोटाच्या गोळ्या कोणत्या ते त्यांना विचारा.
दोन दवाखान्यांच्या मधे एक रस्ता आहे,
कडेला कमरेएवढं गाजरगवत.
त्या रस्त्यानं मी नाकाला रुमाल लावून
या दाराहून त्या दारी.

बियाण्याच्या कंपनीत मी पॅकिंगला.
बीला लाल औषध चोळतात, कीड लागू नये म्हणून.
संध्याकाळी तळहात लाल, नखं लाल,
आणि पहाटे आत बसल्यावर
लाल दिसलं की क्षणभर वाटतं, तेच असेल.
ते नसतं.

माझं शरीर मलाच शत्रू समजतं,
असं डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं होतं.
नसरीननं चहाच्या सुट्टीत बिस्किट मोडता मोडता सांगितलं,
कुशावर्ता, तुझं कुंपणच शेत खातंय गं.

मग पोरीची गणिताची वही घेतली, चौकटींची.
तारीख. काय खाल्लं. किती वेळा. अंगावर काय. पाणी किती.
अंबाडीची भाजी: दोन दिवस गांधी.
शिळं वरण: ओठ. ताजं वरण: काही नाही.
टोमॅटो: प्रश्नचिन्ह.
नणंदेचा फोन: सहा वेळा.
रात्री पिवळी गोळी: शिंका तीनच, झोप बरी.
वांगं लिहिलंच नाही,
चोरून खाल्लं होतं.
लाल औषधाचा हंगाम लागला
आणि चौकटी पुरेनात.

पुढच्या वेळी वही टेबलावर ठेवली.
डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पानं उलटत गेले. बाहेर नंबरवाले खोकत होते.
हे ठेवत जा, म्हणाले,
आणि त्या दुसऱ्यांना स्वतः फोन लावला.
दोघं माझ्याबद्दल बोलत होते,
आणि कितीतरी दिवसांनी मी एकच बाई होते.

तांगडे साहेबांनी धुळीतून उठवून काट्यावर बसवलं.
पगारात तीनशे कमी.
तेही लिहिलं, पाण्याच्या चौकटीत,
दुसरीकडे जागा नव्हती.

पौषात चुलत जावेनं बदनापूरला हुरड्याला बोलावलं.
शेतात आडोसा कुठे आहे
ते मी गाडीतून उतरताच बघून ठेवलं.
आगटीभोवती सगळे, तोंडं धुरानं लाल,
माझ्या मांडीवर डबा, मऊ भात आणि तूप.
जावेनं कणीस चोळलं, फुंकर मारली,
आणि काही न बोलता तळहात पुढे केला.
अकरा दाणे घेतले, मोजून.
चावत राहिले, पीठ होईपर्यंत,
पीठ झाल्यावरसुद्धा.

रात्री दोनला जाग आली.
पोटावर हात ठेवून बसले अंधारात,
परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी.
पोट गप्प.
मग एक शिंक आली, मोठी,
दोन्ही हातांनी पोट धरून दिली.
घर झोपलेलं, कुणी थांब म्हणालं नाही.
मी आपणहून थांबले थोडी.
काही आलं नाही.

वहीत लिहिलं: हुरडा, अकरा.
सकाळी नळ येणार होता.