तिसरी काच

मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी,
थंडी येऊन येऊन पंधरा दिवस येते,
म्हणून तिची तयारी कुणी करत नाही.
न्हाणीच्या झडपांतली तिसरी काच
गणपतीच्या आधीपासून नाहीच.
स्वेटर माळ्यावर, डांबरगोळ्यांच्या वासात.

पहाटे पाच.
भिंतीवरचा पारा सोळाच्या अर्धी रेघ खाली.
सासरे दंडाला पट्टा बांधून बसलेत.
मशीन कुरकुरतं, फुगतं, सुस्कारतं:
एकशे अठ्ठावन्न.
ऑक्टोबरात एकशे चौतीस होतं, वहीत आहे.
"गोळी तीच, मीठ तेच,
मग चोर कोण?"

बेचाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली
ठाकुरद्वारला, एका जिन्याखाली,
डोळ्याला भिंग, श्वास रोखून.
गारठ्यात केसाएवढी स्प्रिंग ताठरते
आणि घड्याळ पुढे पळतं, हे त्यांनीच मला शिकवलं.
गिऱ्हाइकाला म्हणायचे,
"घड्याळाला नावं ठेवू नका,
रात्री ठेवता कुठे ते बघा."

मग मी बघितलं, आम्ही यांना कुठे ठेवतो.
उत्तरेच्या भिंतीला लागून पलंग,
पाय उतरवले की उघडी लादी,
आणि न्हाणीतला वारा थेट मानेवर.

डॉक्टर पिंगेबाई म्हणाल्या,
गारठ्यात रक्तवाहिन्या आवळतात,
नसा रात्रभर पहाऱ्यावर, पाळी बदलायला कुणी येत नाही.
आणि हेही म्हणाल्या,
निरोगी काळजाच्या दोन ठोक्यांत अंतर सारखं नसतं,
श्वास घेताना जरा घाई, सोडताना जरा सैल.
फारच काटेकोर चालायला लागलं
की समजायचं, शरीर धास्तावलंय.

सासरे रिक्षात गप्प.
मॅरेथॉन चौकाच्या सिग्नलला एकदम म्हणाले,
"म्हणजे मी जन्मभर जे काढून टाकलं,
तेच हवं होतं?"

मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
तिसऱ्या फटीत बसवला.
पलंग स्वयंपाकघराच्या भिंतीला आणला,
लादीवर माझी जुनी गोधडी, पायांत नातवाचे क्रिकेटचे मोजे.
अंघोळ ऊन आल्यावर.
कुरकुर केली, पण केली.

काल पारा बावीसवर होता.
मशीन एकशे बेचाळीस म्हणालं. त्याचं काय ते बघू.
रात्री दिवा घालवायला गेले तर
मनगटावर तीन बोटं, डोळे मिटलेले,
दुकानात कानाशी घड्याळ धरत तसेच.

"मागे पडतंय जरा," म्हणाले.
थोडं थांबून, "आता पुन्हा पुढे."

मी विचारलं, उघडून बघायचं का?
हसले.
"राहू दे. चालतंय."