आणि इतर

निवृत्तीच्या फॉर्मसाठी शोधनिबंधांची यादी काढली.
डंडीत, टे नदीवर, चारलाच अंधार.
माझ्या हिशेबानं एकशे बारा. संगणक म्हणतो एकोणसाठ.
उरलेले कुणा मृ. खांबेटेचे,
जी चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात
लिहायची एकाएकी थांबली.

तीही मीच. लग्नाआधीची.
पुढे तिचे दाखले
परक्या बाईचे द्यावेत तसे देत गेले.

मग नावांची रांग.
इल्दिको : तीन वर्षांचा अबोला,
छापून आला तेव्हा आमच्यात फक्त एक स्वल्पविराम.
ओलुमिदेच्या डोक्यावर बारीक कट्यारीची खूण,
तळटीपेत तारीख. प्रुफं त्यानं पाहिली नाहीत.
आणि शेवटी, नेहमीसारखं, ‘आणि इतर’.

आयला गिलक्राइस्ट इतरांतही नाही.
सत्तावीस वर्षं रविवारची यायची,
माश्यांच्या बाटल्या बदलायची,
कोटाला मळीचा, यीस्टचा आंबूस वास.
लाल डोळ्यांतली एक पांढऱ्या डोळ्यांची
तिलाच आधी दिसायची.
एकदा विचारलं, नाव घालू का तुझं?
‘कशाला? माश्यांना माहीत आहे.’
मी हसले.
आणि खरंच घातलं नाही.

आज दोन्ही खाती जोडायचा अर्ज भरला.
विचारतात : या दोन व्यक्ती एकच, कशावरून?
ओळखणाऱ्या कुणाचं तरी नाव द्या.
रकान्यात आयलाचं लिहिलं.
स्पेलिंगसाठी मात्र
नाताळचं जुनं कार्ड शोधावं लागलं.