सोडलेले

धरणात गाव बुडालं तेव्हा
गावामागची टेकडी तेवढी वर राहिली,
हतनूरच्या फुगवट्यात, तापीच्या मधोमध.
अकरा बाभळी, एक गोंदणी,
आणि मारुतीचा ओटा. मारुती नेलेला.
सुपडू भोई तिला बेट म्हणायचा.
मग आम्हीही.

मी वायरमन.
खांबावर चढणारा माणूस सापालाही भिणार नाही
असं लोकांनीच ठरवलं
आणि मला सर्पमित्र करून टाकलं.
रावेर, सावदा, निंभोरा,
केळीची कापणी लागली की फोन सुरू.
घड उतरवताना पानाच्या बेचक्यातून
बारीक मानेचा, मोठ्या डोळ्यांचा
मांजऱ्या निघायचा.
मुकादम कोयता उगारायचा,
मी पिशवीचं तोंड उघडून धरायचो.
"अथी नोको सोडू भो. लांब ने.
जथून परत येता येनार नही, तथी."

अशी जागा मला माहीत होती.

सात वर्षं. वहीत नोंद आहे:
तारीख, गाव, लांबी, सही.
एकेचाळीस मांजऱ्या, नऊ धामणी.
नावेचे पन्नास रुपये,
ते सुपडू कधी घ्यायचा, कधी बिडीवर भागवायचा.
पिशवी उलटी केली की
साप जरा वेळ जमिनीवर अक्षरासारखा पडून राहायचा
आणि मग बाभळीवर चढायचा, घाई न करता.
मी हात जोडायचो.
पेपरात फोटोही आला होता.

तिथल्या सुगरणी भोळ्या.
चहूकडं पाणी, म्हणून खोपे
हाताला लागतील इतके खाली विणलेले.
होल्याचं घरटं म्हणजे चार काड्या, तेही नावापुरतं.
रात्री फांदीवरून काही येऊ शकतं
हे तिथं कुणाच्या पिढीत घडलंच नव्हतं.

यंदा पोळ्याआधी सुपडू घरी आला.
दारातच उकिडवा बसला. चहा नको म्हणाला.
"बेटावर आवाज नही भो.
पयले कान किटायचे.
आता मले माह्यं वल्हं ऐकू येतं."

गेलो.
खोपे होते, वाऱ्यानं हलत होते.
एकात बोट घातलं: कोरडं गवत, चिखलाची गोळी,
आणि कात.
नळीतून आत गेलेली, आतच उतरवून ठेवलेली,
पाहुण्यानं सदरा काढून खुंटीला लावावा तशी.
गोंदणीखाली फळांचा सडा आंबला होता,
न्यायला कुणी नाही.
आणि बाभळीपासून बाभळीपर्यंत जाळी,
तोंडावर, पापण्यांवर, टॉर्चवर,
कोळीच कोळी, खाणारी चोच उरली नाही म्हणून माजलेले.
सुपडू म्हणाला,
"हे इतले भोई कुठून आले?"
हसला नाही.

वनखात्यातल्या पोरानं सांगितलं,
दूर समुद्रात गुआम नावाचं बेट आहे.
लढाईच्या सामानातून तिथं एक साप उतरला,
मांजऱ्याचाच भाऊबंद.
रानातली पाखरं जवळजवळ संपली.
"पण तिथं तो चुकून गेला," तो म्हणाला.
मी वही मिटली.

तीन रात्री टॉर्च घेऊन शोधलं.
दोन सापडले.
कुठल्या शेतातले, कसं सांगणार?
वहीत लांबी आहे, आणि ते वाढलेत.

काल निंभोऱ्याहून फोन आला.
तोच मुकादम, तेच "लांब ने".
मी साठ पावलं मोजली
आणि त्याच बांधावर पिशवी उघडली.
तो शिव्या देत राहिला. द्याव्यात.
साप केळीच्या गर्दीत शिरला
आणि लगेच वरून एक बुलबुल
जीव तोडून ओरडायला लागला,
मग दुसरा, मग साळुंक्या, सगळी बाग.

त्यांना माहीत होतं, हा कोण ते.
मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो
तो कालवा ऐकत.