वाऱ्यासाठी बांधलेला दोर

पोटाला पाच भोकं पाडली, दुखतो मात्र खांदा.
डावा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट फुगवायला भरलेला वायू
वाट चुकून वर सरकतो, चालत राहा, जाईल.
बावन्न वर्षं या गावात वाऱ्याशी भांडले,
आता तो आत येऊन बसलाय.

पुंता अरेनासला वसंतात वारा पिसाटला
की नगरपालिका चौकात दोर बांधते,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
मी कधी धरला नाही.
एकशे एकतीस किलोची बाई कशाला धरेल?
उलट पोरंच माझ्या आडोशानं चालायची
शाळेच्या स्वयंपाकघरापासून बसथांब्यापर्यंत,
"नोल्फाबाईंच्या मागे या रे, टोपी उडणार नाही."
खरं सांगू, मला ते आवडायचं.

आता दिवस मोजते औषधाच्या टोपणानं.
तीस मिली. पंधरा मिनिटं.
पुन्हा तीस मिली.
चारशे पोरांचं सूप ढवळलेला हात
भातुकलीत अडकलाय.

शेजारची झ्लाता कोकराच्या हाडांचं पाणी
फडक्यातून तीनदा गाळून आणते,
आजोबांनी क्रोएशियाहून बोटीनं आणलेल्या पातेल्यात.
दारातूनच विचारते, कसं वाटतंय?
मी म्हणते, बरं.
बरं म्हणण्यात सकाळची सगळी ताकद जाते,
मग तिला बस म्हणायला काही उरत नाही.

थकवा म्हणजे झोप नव्हे.
झोपेला निदान पलीकडचा काठ असतो.
हा म्हणजे पिळायची राहून गेलेली घोंगडी,
माझ्याच अंगावर वाळत घातलेली.
मंगळवारी एक मोजा पायात, एक हातात,
अशी अर्धा तास पलंगावर बसले होते.
रडले नाही.
रडायला पोट हलावं लागतं.

रात्री तीनला कूस बदलायची
म्हणजे धक्क्यावरचं मालवाहू जहाज वळवायचं.
आधी गुडघे. मग उशी पोटाशी घट्ट.
मग देवाचं नाव, मग एक शिवी.
शिवीनं जास्त फरक पडतो.

लादिस्लाओ फोनवर म्हणाला,
"आई, लोक म्हणतात, सोपा रस्ता धरलास."
मी फोन टेबलावर ठेवला.
टोपण भरलं, प्यायले, वेळ झाली होती.
मग उचलून सांगितलं,
तुझी आजी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसली
ती पुन्हा उठली नाही.
त्यांना म्हणावं, मी पायऱ्या मोजल्यात.
तो बराच वेळ गप्प. मग विचारलं,
"दुखतंय का गं?"
इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी हो म्हणाले.

अकराव्या दिवशी गोळ्या संपल्या.
औषधाचं दुकान दोन चौक लांब.
छपरांचे पत्रे वाजत होते,
सामुद्रधुनी पांढरी झाली होती फेसानं.
बँकेच्या कोपऱ्यावर पाय म्हणाले, पुरे.
समोर दोर होता,
मळकट, दमट, कोणाकोणाच्या हातांनी गुळगुळीत झालेला.
धरला.

खांद्यात कळ गेली, टाके ओढले गेले,
वाऱ्यानं कोट फुगवून मला पुन्हा
पूर्वीएवढी केली.
"सावकाश, बाई," बाजूनं कोणी म्हणालं.
शाळेच्या गणवेशातली मुलगी, लाल नाक,
एका हातात दोर, दुसऱ्यानं टोपी दाबलेली,
मुद्दाम वाऱ्याच्या अंगाला येऊन उभी राहिली.
माझ्या हातचं सूप प्यायली असेल का? विचारलं नाही.
तिचा आडोसा तो केवढा!
तळहाताएवढा.
आता माझं पोटही तेवढंच आहे म्हणतात.

रस्ता ओलांडताना दोनदा थांबलो.
ती काही बोलली नाही, घाईही केली नाही.

दुकान जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं.
पायरीवर बसले,
खिशातून बाटली काढली, टोपण काढलं.
हात थरथरत होता, थोडं सांडलं.
तीस मिली, त्यातलं वारा प्यायला तेवढं सोडून.