रकाना सातवा

तहसील कचेरीच्या भिंतीला लागून
माझं टेबल. एक पाय विटेवर.
त्यावर जुनं रेमिंग्टन, त्याचा ळ जरा वर उडतो,
ओळीत राहत नाही.

दिनांकाला पहिली वेलांटी,
दीन बाईला दुसरी,
अर्जात दोन्ही लागतात.
शिर वेगळं, शीर वेगळी, असलं सगळं मला पाठ.
सिव्हिल लाइन्सचे वकीलसुद्धा
कागद पुढे सरकवतात: नाकाडे, एवढं बघा हो.

ळ मात्र उशिरा आला.
चौथीत.
हंसापुरीच्या शाळेत (तेव्हा ती शायाच होती)
कान्हेरे मास्तर पट्टी घेऊन उभे.
डोळा म्हण.
डोया.
केळं म्हण.
केयं.
मग श्रुतलेखनात आलं, तिने माळ ओवली.
मी लिहिलं, तिने माय ओवली.
मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. वर्ग हसला.
मीही हसलो.
घरी आई झेंडूच्या ढिगात बसलेली,
दुसऱ्या दिवशी चतुर्थी, टेकडीच्या गणपतीपाशी गिऱ्हाईक असतं.
बोटाला चिंधी गुंडाळलेली.
वही दाखवली नाही तिला.

आज वेणूबाई हेडाऊ आल्या,
गोळीबार चौकातून पायी, या उन्हात,
डोक्यावर ओला दुपट्टा, तो इथवर येईतो वाळलेला.
निराधारचा अर्ज.
नाव झालं, वय अंदाजे, मागावर वर्षं एकतीस.
रकाना सातवा: पतीच्या मृत्यूचे कारण.

"का सांगू बाप्पा," म्हणाल्या,
"काय आला, घेऊन गेला."

बोटं थांबली.
हा प्रश्न, की कर्ता?
व्याकरणानं लगेच निकाल दिला:
आला, गेला, क्रियापद पुल्लिंगी.
काळ.
मी ळवर बोट ठेवलं.
पण त्या अजून माझ्याकडे बघत होत्या,
जसं काही विचारून झालंय
आणि मला ते ठाऊक असणार,
टेबल आहे, चष्मा आहे.

त्या रकान्यात काळ चालत नाही, अर्ज परत येतो.
दवाखान्याची चिठ्ठी मागितली,
घामानं मऊ झालेली,
आणि तीवरचं उतरवलं: हृदयविकार.
वाचून दाखवलं.
"हाव," म्हणाल्या, "तेच लिवलं होतं त्यायनं."

तीस होतात, वीस सांगितले.
रुमालाची गाठ सुटेना, दातांनी सोडवली.
अर्ज पदराखाली धरून उठल्या, "जातो मंग."

जा, सांभाळून, असं म्हणायचं होतं मला.
तोंडातून निघालं,
"सांभायून जाय, माय."
पन्नास वर्षांत पहिल्यांदा,
कचेरीच्या दारात, चार माणसांत.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.
त्यांना त्यात वेगळं काही
ऐकूच आलं नाही.